रेग्युलेटरची तिसरी खूण

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार
मुरकुटटोला पोलीस दूरक्षेत्र, तालुका सालेकसा

दुपारी सालेकशाकडून ट्रक आला. मागे पेट्यांमध्ये अठरा नव्या इन्सास रायफली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी राजदीप मेश्राम. रायफली येणार हे मला माहीत होतं. तो येणार हे कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही एकाच भरतीचे. नव्वद साली भंडाऱ्याच्या मैदानावर एकाच दिवशी धावलो. तेव्हाही तो माझ्यापुढे दोन पावलं होता. जिल्हा वेगळा झाला तसे दोघंही गोंदियाकडे आलो आणि दोघंही हत्यारांच्या कामात पडलो. इथलं शस्त्रागार पाच वर्षं माझ्या हाती आहे, किल्ली माझ्या कमरेला असते. आज उपनिरीक्षक बोपचे साहेब म्हणाले, "कटरे, नव्या रायफलींचं सगळं मेश्राम बघतील. ते पुण्याहून कोर्स करून आलेत. जुन्या एसएलआर तुमच्याकडेच."

जुन्या, असं म्हणाले. साहेब आमच्याच पोवार समाजातले, तरी त्यांना एवढं वाटू नये.

त्या कोर्सला माझंही नाव होतं, हे इथे लिहून ठेवतो. जूनमध्ये गोंदियाला मेडिकल झाली. डॉक्टरने बारीक अक्षरांचा एक कागद वाचायला दिला. बाहेर आभाळ आलं होतं, खोलीत धड उजेड नव्हता. तशा उजेडात कोण वाचेल. यादी लागली त्यात राजदीपचं नाव होतं, माझं नव्हतं. त्याने कोणाकडे काय शब्द टाकला असेल ते तोच जाणे.

बॅरेकमध्ये त्याची खाट माझ्या खाटेला लागूनच टाकली. त्याने विचारलं, "चैतू, चालते ना बे इथं?"

"सरकारी खाट आहे. मले काय विचारतं," मी म्हणालो.

१४ नोव्हेंबर, बुधवार

आज इन्सासचा पहिला वर्ग झाला. सगळे चिंचेखाली सतरंजीवर बसले. मी शस्त्रागाराच्या दारात उभा राहिलो, म्हणजे कटरेही शिकायला बसला असं कोणी म्हणू नये.

रायफल वाईट नाही. वहीत खोटं कशाला लिहू. एसएलआरपेक्षा हलकी आणि आखूड आहे. आपली गोळी सात पॉइंट बासष्टची, हिची पाच पॉइंट छप्पन, म्हणून तेवढ्याच ओझ्यात माणूस जवळपास दुप्पट गोळ्या नेतो. खांद्याला धक्का कमी बसतो. डाव्या अंगाला खटका आहे. तो एका जागी ठेवला तर घोडा दाबल्यावर एक गोळी सुटते, दुसऱ्या जागी ठेवला तर तीन. तिनानंतर रायफल आपोआप थांबते. घाबरलेला माणूस एका दमात सगळी मॅगझीन रिकामी करतो, ते होऊ नये म्हणून ही सोय. मॅगझीन धुरकट काचेसारखी आहे, आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसतं.

रायफलपेक्षा मला त्याचं शिकवणं लागलं. मी दहा वर्षं एसएलआरचा वर्ग हिंदीतून घेतला, कारण आमच्या उस्तादांनी तसाच घेतला होता. "इस रायफल की खूबियां" इथपासून सुरुवात, सगळं तोंडपाठ. पोरं माझ्यामागून म्हणायची. राजदीप खाली सतरंजीवरच बसला आणि घरी बोलतो तसा बोलायला लागला.

"गंजातला भात उकळते तवा झाकन कोन उचलते?"

"वाफ," कोणीतरी म्हणालं.

"तसंच हे. गोळी नळीतून पुढं जाते. तिच्या मागचा गॅस थोडासा वरच्या भोकातून पिस्टनवर येते. पिस्टन मागं ढकलली जाते, रिकामा खोका बाहेर पडते, नवी गोळी आत बसते. आन हे रेग्युलेटर म्हणजे त्या भोकाचं कवाड. याले तीन खुणा. पहिलीवर कवाड थोडं उघडं. रायफल मळली, जड चालून राहिली, तं दुसरी खूण, कवाड जास्त उघडं. तिसरी खूण ग्रेनेडची. तिथं कवाड बंद. गॅस सगळा पुढं ग्रेनेड फेकाले जाते, पिस्टनले काहीच भेटत नाही."

लोकेश उईके म्हणून चोवीस वर्षांचा शिपाई आहे, सगळ्यांत पुढे बसतो. त्याने विचारलं, "आन चुकून तिसऱ्या खुणेवर राहिली तं, भाऊ?"

"तं दर गोळीले हातानं मागं ओढून कॉक करा लागंल. म्हणजे पयली गोळी तुयी, दुसरी समोरच्याची."

सगळे हसले आणि सगळ्यांना समजलं. माझ्या वर्गात कोणी कधी हसलेलं मला आठवत नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

स्वयंपाकी बकाराम राजदीपच्या ताटात भाताचा खालचा खरपूस थर वाढतो. पाच वर्षं तो थर कोणाच्या ताटात पडायचा ते सगळ्या दूरक्षेत्राला माहीत आहे.

संध्याकाळी घरून फोन आला. बायको प्रेमिला म्हणाली, "राजदीपभाऊ आले म्हणते तुमच्याकडं. त्यांले नमस्कार सांगजा. आपल्या हर्षाच्या दहावीची पुस्तकं त्यांनीच तं आणून देल्ली होती." मग म्हणाली, "आन चष्म्याचं काय केलं तुमी?"

मी म्हणालो, लाइन नीट नाही, आणि फोन ठेवला. नमस्कार सांगितला नाही.

२१ नोव्हेंबर, बुधवार

डोळे बांधून रायफल खोलण्या-जोडण्याची आमची महिन्याची शर्यत आज झाली. ही प्रथा मीच सुरू केली. साहेब घड्याळ घेऊन उभे राहतात, डोळ्यांवर शेला बांधतात, समोर चादर. एसएलआरमध्ये इथे मला कोणी हरवलेलं नाही. आजही नाही. राजदीपने इन्सास खोलून जोडली, माझ्याहून सहा सेकंद जास्त लागले. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागणार असं वाटलं.

मग माझा शेला सोडता सोडता राजदीप म्हणाला, "आता एक डाव उघड्या डोळ्यानं कर ना बे."

सगळे खो खो हसले. मीही हसल्यासारखं केलं. जिंकलेल्या माणसालाही खाली कसं आणायचं हे त्याच्याकडून शिकावं.

२६ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर नव्या रायफलींचा गोळीबार सराव झाला. संध्याकाळी साफसफाई. राजदीपने एक ते बारा नंबर पुसल्या आणि तेवढ्यात साहेबांनी त्याला बोलावलं. तीन दिवसांसाठी त्याला सालेकशाला जायचं होतं, तिथल्या शिपायांना शिकवायला. म्हणजे आता ठाण्यावरही तोच.

जाताना म्हणाला, "तेरा ते अठरा राहू दे, चैतू. मी आल्यावर करतो."

राहू दे म्हणजे काय. मी काय नळीत चिंधी घालायची विसरलो? सहाही पुसल्या. नळी, चेंबर, पिस्टन, सगळं. शेवटी एसएलआरला करतो तसंच, रेग्युलेटर पूर्ण आवळायचा आणि एक खटका मागे घ्यायचा. हाताला सांगावं लागत नाही. गोळीबाराच्या रायफली सहा असोत की साठ, माझ्याकडून कधी मळक्या परत गेलेल्या नाहीत. रजिस्टरवर सही केली. बल्ब मिणमिणता होता, तरी अर्ध्या तासात काम संपवलं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे दिसलं ते लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

लोकेशच्या सतरा नंबरच्या रायफलीचा पट्टा उसवला होता. तो बदलून द्यायला मी ती बाहेर अंगणात आणली. भर दुपारचं ऊन होतं. पट्टा ओवून झाल्यावर सहज हात लांब करून रायफल न्याहाळली, तर रेग्युलेटर तिसऱ्या खुणेवर. ग्रेनेड.

म्हणजे पुण्याच्या कोर्सवाल्याने गोळीबारानंतर कवाड बंद ठेवून दिलं. वर्गात एवढं भाताचं गंज आणि झाकण सांगणाऱ्याने.

दोन बोटांचं काम होतं. बोटं ठेवलीही. मग सोमवार आठवला. येत्या सोमवारी गोंदियाहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर नव्या रायफलींचं प्रात्यक्षिक आहे आणि सतरा नंबर पहिल्या रांगेत आहे. एक गोळी सुटेल आणि रायफल गप्प बसेल. सगळ्यांसमोर बोपचे साहेब विचारतील, हिची देखभाल कोणाकडे?

मैदानातल्या लाकडी पाटीवर मारायची गोळी आहे. कोणाच्या जिवाचं त्यात काही नाही.

मी रायफल होती तशी आत ठेवली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

राजदीप आला. आल्या आल्या शस्त्रागाराची किल्ली मागितली. "तेरा ते अठरा एकदा पाहून घेतो," म्हणाला.

मी म्हणालो, "टाइम संपला. उद्या पाय."

"दहा मिनिटं लागतीन, चैतू."

"नियम तं नियम."

त्याने पिशवी खाटेखाली सरकवली. मग पाय धुवायला गेला. त्याला चूक आठवली असणार, म्हणूनच घाई. मी ओळखतो त्याला.

१ डिसेंबर, शनिवार

दिवसभर बाहेर काम काढलं. आधी दुकानात गेलो, मग पोलीस पाटलांकडे, मग धान चुरायचं, म्हणजे मळणीचं, चाललं होतं तिथे बांधावर बसून राहिलो. किल्ली कमरेला होती. संध्याकाळी परत आलो तेव्हा राजदीप शस्त्रागाराच्या पायरीवर बसलेला. मी बाजूने आत गेलो. 

सोमवारचा प्रसंग मी मनात चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी मोठे साहेब मला विचारतात, कटरे, तुम्ही का नाही गेलात कोर्सला?

२ डिसेंबर, रविवार, सकाळ

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.

साडेसहाला साहेबांनी सगळ्यांना उठवलं. छत्तीसगडच्या बाजूने नक्षल्यांचा गट नाल्यापर्यंत उतरल्याची खबर होती. बारा जण लगेच निघाले. नव्या रायफली घेऊन. रायफल ओळखणारा माणूस बरोबर हवा म्हणून राजदीपही.

एकेक जण दारात येत होता, नंबर सांगत होता, मी रायफल काढून देत होतो, तो सही करत होता. लोकेश आला. सतरा. मी ती हातात घेतली. माझ्या उजव्या हाताला राजदीप गोळ्या मोजून देत उभा होता, समोर साहेब घाई करत होते. बोलायचं तर आत्ताच. बोललो तर विचारतील, कधी पाहिलंत? गुरुवारी. मग आजवर काय करत होता?

मी सतरा नंबर लोकेशच्या हातात दिली.

तो म्हणाला, "कटरेभाऊ, बकारामले सांगजा, माया भात राखून ठेवजो म्हणा." फाल्गुनात त्याचं लग्न आहे. आई जमुनाबाई दर आठवड्याला त्याच्यासाठी कोणाच्या तरी हाती मुरमुऱ्याचे लाडू पाठवते. अर्धे मीच खातो.

सात वाजता ते झाडीत दिसेनासे झाले.

२ डिसेंबर, दुपार

साडेअकरापर्यंत शस्त्रागारात बसून होतो. एसएलआर पुसत होतो, त्या पुसलेल्याच होत्या. बकारामने भात लोकेशपुरता वेगळा काढून झाकून ठेवला. ते झाकण पाहिलं आणि मला बसवेना.

वायरलेसच्या खोलीत गेलो. बोपचे साहेब सेटसमोर होते.

"साहेब, सतरा नंबरचा रेग्युलेटर ग्रेनेडवर आहे. मेश्रामने तसाच सोडला."

साहेबांनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"आत्ता आठवलं. पट्टा बदलताना पाहिल्यासारखं वाटलं होतं."

"पाहिल्यासारखं?"

 साहेबांना सेटवर बोलायचं नव्हतं. पार्टी जंगलात असताना कोणी बोलत नाही, आवाजाने जागा कळते. तरी बोलले. पलीकडून फक्त खरखर आली. पुन्हा बोलले. असा अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाबद्दल मला लिहिता येत नाही. भिंतीवरच्या नकाशाकडे बघत मी उभा होतो आणि नकाशावरचं एकही नाव मला लागत नव्हतं.

मग राजदीपचा आवाज आला. हळू, पण स्पष्ट. "सतरा ठीक आहे. पहिल्या थांब्यावरच तपासली. ओव्हर."

साहेबांनी श्वास सोडला आणि रोजनाम्यात लिहायला घेतलं. माझ्यासमोर लिहिलं: मेश्राम यांच्या हलगर्जीपणामुळे.

३ डिसेंबर, सोमवार

सगळे सुखरूप परतले. नाल्यावर विझलेल्या चुली सापडल्या, माणूस नाही. मोठ्या साहेबांचा दौराही रद्द झाला.

साहेबांनी राजदीपला बोलावलं. मी दारात होतो. "मेश्राम, सतरा नंबर तिसऱ्या खुणेवर होती?"

"होती, साहेब."

"जबाबदारी कोणाची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "शेवटची तपासणी मायी होती. राहून गेली."

किल्ली मागितली होती, मिळाली नाही, हे तो बोललाच नाही. साहेब म्हणाले, अहवाल शनिवारच्या डाकेने गोंदियाला जाईल. आणि मला म्हणाले, "कटरे, शुक्रवारपासून इन्सासचा वर्ग तुम्ही घ्या."

पाच महिने हेच वाक्य ऐकायचं होतं मला.

संध्याकाळी रायफली जमा करताना शस्त्रागारात आम्ही दोघंच होतो. राजदीप दार ओढून म्हणाला, "सहा होत्या, चैतू."

"काय सहा?"

"तेरा ते अठरा. सहाही तिसऱ्या खुणेवर. पयल्या थांब्यावर सगळ्यांच्या फिरवल्या."

मी म्हणालो, "तूच ठेवल्या असशीन."

"मी बारापर्यंत पुसल्या." त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि बाहेर गेला. तेरा ते अठरा, चै. कटरे. अक्षर माझंच होतं. हात लांब केल्याशिवायही ते मला ओळखू आलं.

४ डिसेंबर, मंगळवार

पटलं नाही. कोणीही नंतर फिरवू शकतं. सकाळी शस्त्रागाराचं दार आतून लावून तेरा नंबर घेतली. पहिल्या खुणेवर होती. खोलली, पुसली, तेल दिलं, जोडली. दुसरा कसलाही विचार न करता हाताला त्याचं काम करू दिलं. हाताने रेग्युलेटर पूर्ण आवळला, एक खटका मागे घेतला.

खिडकीपाशी नेऊन हात लांब केला. तिसरी खूण.

पुन्हा केलं. पुन्हा तिसरी.

एसएलआरला जे बरोबर ते हिला चुकीचं. बनवणाऱ्याने तसं का ठेवलं असेल हे पुण्याला सांगत असतील. मला कोण सांगणार. म्हणजे माझी चूक धरली तरी अर्धी कोर्सची.

आणि तरी सहांपैकी मला एकच दिसली. ती पट्टा उसवला म्हणून.

६ डिसेंबर, गुरुवार

परवापासून साहेबांच्या खोलीपर्यंत तीनदा गेलो. तिन्ही वेळा दुसरंच काही विचारून परतलो. काल तर रॉकेलचं विचारलं.

आज सकाळी राजदीपने पांढरा सदरा घातला. बॅरेकच्या कोपऱ्यात बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. त्याच्याबरोबर चौघं उभे होते, लोकेशही. त्रिशरण म्हणून झालं तसा तो घरी बोलायला फोनपाशी गेला. मी तिथेच बाजूला होतो, उठलो नाही.

"अल्का, गोंदियाचं आता लांबलं. रिपोर्ट जाते तं ट्रेनिंग सेंटरवाले नाही घेनार... नाही, कोनाचा दोष नाही... रचनाले म्हणा, उन्हाळ्यात येतो मी."

तर हे होतं. गोंदियाच्या प्रशिक्षण केंद्रात त्याची शिक्षक म्हणून निवड व्हायची होती. बायको आणि मुलगी तिथे, हा चार वर्षं जंगलात. मला बोलला नव्हता. बोलला असता तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे.

बायकोशी तो किती शांतपणे बोलतो. प्रेमिलाशी मी तसं कधी बोललो असेन तर आठवत नाही. हेही मनात यायला नको होतं, पण आलं.

उद्या वर्ग. परवा डाक.

७ डिसेंबर, शुक्रवार

चिंचेखाली सतरंजी. तीस जण. साहेब खुर्चीवर, राजदीप सगळ्यांत मागे मांडी घालून. हातात वही, शिकायला बसल्यासारखा. मी उभा राहिलो आणि सुरू केलं, "इस रायफल की खूबियां..." पुढे शब्द आले नाहीत. हिंदीत इन्सास मी कधी पाठ केलेलीच नव्हती.

मी खाली बसलो. तेरा नंबर समोर चादरीवर ठेवली. म्हणालो, "आज फक्त साफसफाई. माया हाताकडं पाहा."

खोलली. पुसली. जोडली. मग रेग्युलेटर पूर्ण आवळला, एक खटका मागे घेतला, आणि रायफल लोकेशकडे केली.

"वाच."

"तिसरी खूण. ग्रेनेड," लोकेश म्हणाला.

"एसएलआरवर सोळा वर्षं हेच केलं, बरोबर होतं. त्या सोमवारी सहा इन्सास मी पुसल्या. सहाही अशाच राहिल्या. मेश्रामने नाही, मी."

 बोपचे साहेब खुर्चीतून पुढे वाकले. इथे थांबता आलं असतं. चूक कोणाकडूनही होते, सगळे समजून घेतात. पण लोकेश समोर बसला होता, त्याच्या हातात रायफल होती.

"सतरा नंबर मले गुरुवारीच दिसली. उन्हात. मी बोललो नाही. मेश्रामने किल्ली मागतली, मी देल्ली नाही. आन रविवारी ते तुया हातात देल्ली."

लोकेशने रायफल खाली ठेवली. "कायले, कटरेभाऊ?"

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मोठ्या साहेबांपुढं मेश्रामची फजिती व्हावी म्हणून. मले वाटलं त्याचीच चूक होय."

"आन मी?"

"तुया विचार साडेअकराले आला."

 तो उठून मागे जाऊन बसला. आता तो लाडू देणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. साहेबांनी खिशातून अहवालाचा लिफाफा काढला, फाडला नाही, फक्त दुसऱ्या खिशात ठेवला. म्हणाले, "कटरे, दुपारी माझ्याकडे या. लेखी घेऊन या. आणि सोमवारी सालेकशाला डोळे तपासून यायचे, हा हुकूम आहे."

मी हो म्हणालो.  तीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि कोणीच बघू नये असं वाटत होतं.

तेव्हा राजदीप मागून उठला. माझ्याशेजारी येऊन बसला, माझ्या बाजूची चादर थोडी ओढून घेतली आणि रायफल उचलली.

"कटरेनं जे दाखवलं ते पुण्यालेही कोनी दाखवलं नाही मले," तो म्हणाला. "तुमच्यातले अर्धे एसएलआरवर शिकले. तुमचाही हात हेच करन, आन तुमाले पत्ताही लागनार नाही. हात जुना, रायफल नवी. म्हणून पुसून झाल्यावर हातावर भरोसा ठेवाचा नाही. रेग्युलेटर फिरवाचा, खूण बाजूवाल्याले मोठ्यानं वाचाले लावाची, मंगच सही. दोघांची."

सगळ्यांनी वह्या काढल्या आणि लिहून घेतलं. एकाने शंका विचारली, त्याचंही उत्तर त्याने दिलं. मग दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि मोठमोठ्याने खुणा वाचल्या जाऊ लागल्या. वर्ग एकदम जिवंत झाला.

मी शेजारी बसून ऐकत होतो. चूक माझी होती, चार रात्री मी तिच्यासोबत काढल्या होत्या, आणि तीही त्याने माझ्यापेक्षा चांगली समजावून सांगितली.